तेलाचा रस नेमका कुठे असतो?



चातुर्मास जवळ आला की स्वाध्यायानंतरच्या आपल्या गप्पा हमखास दोन विषयांवर येतात. यंदा कोण काय सोडणार, आणि सध्या घरात तेल कोणते वापरतेस. पहिल्याचे उत्तर प्रत्येकीने आपापले द्यायचे. दुसऱ्याचे मात्र मलाच विचारले जाते, कारण आमच्या ओट्यावर एका वेळी तीन-तीन तेलांच्या बरण्या असतात हे सगळ्यांना माहीत आहे. दर वेळी दोन वाक्यांत सांगून सुटका करून घ्यायची, त्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकते.

आपल्याकडे रस सहा मोजतात. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ. रसपरित्याग करायचा म्हणजे यातला एखादा सोडायचा. आमच्या घरात वार ठरलेले आहेत, शनिवार तेलाचा. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे पाळते आहे, पण तेलाला ‘रस’ का म्हणतात, याचा विचार फार उशिरा केला. रस म्हटले की जिभेला काहीतरी कळायला हवे. मग ज्या तेलाला ना वास ना चव, ते शनिवारी सोडले तर नेमके काय सोडले?

हा प्रश्न डोक्यात आल्यावर मी घरातच एक प्रयोग केला. पाच वाट्यांत गरम मोकळा भात घेतला, मीठसुद्धा घातले नाही. प्रत्येकीत अर्धा-अर्धा चमचा तेल. घाण्याचे शेंगतेल, घाण्याचे तीळतेल, घाण्याचे करडईचे, आणि दोन रिफाइंड, एक सूर्यफूल आणि एक राइस ब्रान म्हणजे तांदळाच्या कोंड्याचे. सासूबाईंना डोळे मिटायला सांगितले. आमच्या आईंचे नाक म्हणजे घरातली शेवटची कोर्ट. शेंगतेल त्यांनी वाटी तोंडाजवळ नेतानाच ओळखले, तिळाचेही. करडईला जरा थांबल्या, मग म्हणाल्या, “हे आमच्या माहेरचं. मळणीच्या दिवसांत घरभर हाच वास.” उरलेल्या दोन वाट्या दोनदा चाखून त्यांनी खाली ठेवल्या. “एकच तेल दोन वाट्यांत घातलंस होय?”

आता गंमत बघा. ज्या दोन तेलांत त्यांना काहीच फरक कळला नाही, त्यांची घडण बरीच वेगळी आहे. आणि घाण्याचे शेंगतेल व रिफाइंड शेंगतेल यांची घडण जवळजवळ सारखी असते, पण ती दोन मुलेसुद्धा ओळखतील.

घडण म्हणजे काय, ते माझ्या पुतणीने मला समजावले. ती अन्न तंत्रज्ञान शिकते आहे. कोणतेही खायचे तेल घ्या, ते जवळपास सगळेच्या सगळे एकाच साच्याच्या रेणूंचे असते. ग्लिसरॉलचा एक छोटा कणा आणि त्याला लटकलेल्या फॅटी अ‍ॅसिडच्या तीन लांब शेपट्या. म्हणूनच तेल कोणतेही असो, एका ग्रॅमला नऊ कॅलरी ठरलेल्या. ‘हलके’ तेल असे काही नसते. पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते त्याचेही मला हसू येते. वनस्पतींच्या तेलात कोलेस्टेरॉल नावापुरतेच असते, मग मुक्त कशापासून केले?

फरक असतो तो शेपट्यांत. काहींत एकही दुहेरी बंध नसतो, त्या संपृक्त. एक दुहेरी बंध असलेले मुख्य आम्ल ओलेइक. दोन असलेले लिनोलेइक, तीन असलेले लिनोलेनिक. खोबरेल तेल ९० टक्के संपृक्त, म्हणून थंडीत बाटलीत गोठते. पामतेल साधारण निम्मे. आपल्या शेंगतेलात निम्म्याच्या आसपास ओलेइक, तिसरा हिस्सा लिनोलेइक आणि उरलेले संपृक्त. तिळात ओलेइक आणि लिनोलेइक दोन्ही ४० टक्क्यांच्या आसपास. सूर्यफुलात लिनोलेइक ६० टक्क्यांच्या घरात, आणि आपल्या जुन्या करडईत तर ७५ टक्के. राइस ब्रानमध्ये ओलेइक ४० च्या आसपास, लिनोलेइक त्याहून थोडे कमी. सोयाबीनमध्ये लिनोलेइक निम्म्याहून थोडे जास्त, शिवाय ७ टक्क्यांच्या आसपास लिनोलेनिक. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे. (सूर्यफूल आणि करडईच्या काही नव्या जाती मुद्दाम जास्त ओलेइकच्या काढलेल्या आहेत, तेव्हा नावावर न जाता पाठीमागचा तक्ता वाचावा.)

या शेपट्यांना चव जवळपास नसते. चव असते ती तेलात विरघळलेल्या बारीकसारीक इतर गोष्टींत, आणि त्यांचे प्रमाण इतके कमी की वजनात मोजायला गेले तर हाताला लागणार नाही. शेंगदाणे भाजले किंवा गरम करून घाण्यात घातले की त्यातली साखर आणि प्रथिने यांच्यातून तो खमंग वास तयार होतो. तिळाचेही तसेच. मोहरीची गोष्ट मला फार आवडते. अख्ख्या मोहरीला झोंब नसते. ती भरडली आणि ओलावा लागला की तिच्यातला एक विकर कामाला लागतो आणि मग नाकातून पाणी काढणारे ते द्रव्य जन्माला येते. आमच्या मजल्यावरच्या मारवाडी भाभी मोहरीचे तेल आधी धूर येईपर्यंत तापवतात ते यासाठीच, झोंब उडून जाते.

कारखान्यात तेल रिफाइंड होते तेव्हा त्यातला चिकट भाग काढतात, कॉस्टिक सोड्याने आम्लता मारतात, खास मातीतून गाळून रंग घालवतात आणि शेवटी निर्वातात २०० अंशांच्या वर तापवून त्यातून वाफ सोडतात. या शेवटच्या पायरीचे नावच गंध काढणे. शेपट्या बहुतेक होत्या तशाच राहतात, वास मात्र जातो. यात काही पाप आहे असे मला मुळीच वाटत नाही. उलट एक मोठा फायदा सांगते. शेंगदाण्याला बुरशी लागली तर अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, यकृताला फार वाईट. रिफाइंड करताना ते निघून जाते. घाण्याच्या तेलात, दाणे वाईट असतील तर, ते उतरू शकते. तेव्हा ‘लाकडी घाणा’ ही पाटी बघून डोळे झाकून डबा भरून आणणाऱ्या मैत्रिणींना माझे सांगणे, आधी तिथले दाणे बघा. मी तर दाणे घरूनच घेऊन जाते, एकेक मूठ पसरून शोधलेले. काळपट, सुरकुतलेला, हिरवट बुरशीचा दाणा बाजूला. पावसाळ्यात दाण्यात आणि तिळात जाळी होते, किडे पडतात, त्यांच्यासकट पिळून निघालेले तेल आपण कसे खाणार? म्हणून आषाढाच्या आधी, उन्हे असतानाच मी पहिले तेल काढून आणते. आणते ते बेताचेच. घाण्याचे तेल वर्षभर साठवायची वस्तू नाही.

आता सोयाबीनच्या त्या ७ टक्क्यांकडे येते.

गेल्या श्रावणात आम्ही धाकट्या जाऊबाईंकडे पुण्याला गेलो होतो. आई मोठ्या हौसेने नव्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदाच राहायला आल्या होत्या. जाऊ बिचारी पहाटेपासून राबत होती. पाणी गाळून उकळून ठेवलेले, भाज्या शोधलेल्या, कणीक ताजी दळून आणलेली. सकाळी साडेदहाला पाने वाढली. पुरी पानात पडली आणि आईंनी पहिला घास तोंडाजवळ नेऊन तसाच खाली ठेवला. त्या काही प्रतिमाधारी नाहीत, पण अंतराय मात्र पाळल्यासारखा पाळतात. पान सारून उठल्या, हात धुतला आणि मला आत बोलावून हळूच म्हणाल्या, “ह्या तेलाला मासळीचा वास येतोय गं.”

हळूच म्हणाल्या तरी जाऊला ऐकू गेले. आपल्या घरात हे वाक्य काय असते ते मी तुम्हाला सांगायला नको. ती ओट्याला धरून उभी राहिली आणि रडायलाच लागली. “अक्का, तुमची शपथ, या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही.” मला माहीत होते. आईंनाही माहीत होते. पण नाकाला जे कळले ते कसे नाकारणार? दुकानदाराने भेसळ केली, कंपनीने काहीतरी मिसळले, अशा शंका सुरू झाल्या. दीर डबा घेऊन दुकानात भांडायला निघालेच होते. दुपारभर घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. आई खोलीत जपमाळ घेऊन बसल्या, आणि जाऊ पुन्हा सगळी भांडी घासत बसली.

पुतणी कॉलेजातून आली. तिने तेलाचा डबा उघडून वास घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, “कोणतं तेल आहे आणि कधी उघडलं?” सोयाबीनचे होते. पाच लिटरचा पारदर्शक डबा, उघडून दीड महिना झालेला, गॅसच्या शेजारी, वरून खिडकीचे ऊन. तिने आईला खाली पाठवून त्याच तेलाची नवी छोटी पिशवी आणायला लावली. दोन पळ्यांत दोन तेले गरम केली आणि आजीला हाक मारली. नव्या तेलाला काहीच वास नव्हता. जुन्याला होता. अगदी पुसट, पण होता.

मग तिने सांगितले ते असे. दुहेरी बंध ही तेलाची नाजूक जागा. हवेतला ऑक्सिजन तिथेच धरतो. ऊन, उष्णता, तांब्या-लोखंडाचा स्पर्श यांनी हे काम भराभर होते. ओलेइकला एकच दुहेरी बंध, ते बराच काळ तग धरते. लिनोलेइक त्यापेक्षा कित्येक पट लवकर बिघडते, आणि तीन बंधांचे लिनोलेनिक सगळ्यांत आधी. ते तुटले की त्याच्या तुकड्यांना आधी गवतासारखा, कच्च्या शेंगेसारखा आणि नंतर चक्क माशासारखा वास येतो. सोयाबीनच्या तेलाचा हा जगजाहीर गुण आहे. जवसाच्या तेलातही होते, कारण त्यात लिनोलेनिक निम्म्याहून जास्त असते. माशाच्या तेलातही अशाच, आणखी जास्त दुहेरी बंधांच्या शेपट्या असतात, म्हणून वासाचे नाते जुळते. या डब्यात मासा कुठे नव्हता, सोयाबीनच होते, शिळे झालेले.

आई सगळे ऐकत होत्या. रेणू, बंध यातले त्यांना किती कळले कोण जाणे. ती थांबल्यावर म्हणाल्या, “म्हणजे चलितरस झालं की.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. अभक्ष्याच्या यादीत चलितरस आपण लहानपणापासून पाठ करत आलो. ज्याचा रस, गंध, स्वाद मूळ जागेवरून हलला ते खायचे नाही. शिळा भात, आंबलेले पीठ एवढीच उदाहरणे आपण धरतो. तेल त्यात आपण मोजतच नाही, कारण तेल टिकते असे आपण गृहीत धरलेले असते. आईंना एका वाक्यात ते दिसले. त्या उठून जाऊबाईंजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “तुझा काही दोष नाही बाळ, तेलाचा रस चळला होता. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत भाकरी कर, तूप आहे ना?” जाऊने भाकरीच्या पिठात पाणी घालेपर्यंत तिचे डोळे पुसणे चालू होते.

त्या दिवसापासून आमच्या दोन्ही घरांत सोयाबीन, सूर्यफूल, करडई हे मोठ्या डब्यात घेणे बंद आहे. एका लिटरची पिशवी, उघडली की स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून लांब, अंधारात. पितळेच्या बुधल्या शोभेला ठेवल्या आहेत. पूर्वीच्या बायका तेल चिनी मातीच्या बरणीत ठेवत ते उगाच नव्हे. डब्याच्या बाहेरून ओघळ सुकून जो चिकट, कितीही घासला तरी न निघणारा थर होतो, तोही याच नाजूक बंधांचा खेळ. शेपट्या एकमेकींत गुंतून वार्निश होते. करडई आणि जवस यात सगळ्यांत पुढे. तीळतेल मात्र बहाद्दर. त्यातही लिनोलेइक बरेच आहे, पण तिळाची स्वतःची अशी काही द्रव्ये आहेत, ती बिघाडाला आवर घालतात, त्यामुळे ते इतरांपेक्षा जास्त टिकते.

तळणाला काय वापरायचे हेही यातूनच ठरते. करडईचे तेल थंड वापरायला, कोशिंबिरीवर फोडणी न देता घालायला उत्तम, पण त्यात पुन्हा-पुन्हा पुऱ्या तळू नयेत. तळायला मी शेंगतेल घेते, नाहीतर राइस ब्रान. आणि तळून उरलेले गाळून दोन दिवसांत भाजीत संपवते, दुसऱ्यांदा कढई भरत नाही. आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी आवरायचे म्हणून सकाळीच सगळे तळण उरकतो, मग तीच कढई सणाच्या आठवड्यात रोज गॅसवर चढते. ते टाळावे. लिनोलेनिक हवे असते, ते शरीराला स्वतः बनवता येत नाही, पण त्यासाठी तळायची गरज काय? जवसाची चटणी आहे की आपली. भाजून, ताजी कुटून, आठवड्यापुरतीच.

राहिले प्रमाण. यजमानांचे कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले तेव्हा डॉक्टरांनी आधी ‘तेल बदला’ असे न सांगता ‘महिन्याला किती आणता’ असे विचारले होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २,००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे. म्हणजे साधारण सहा लहान चमचे, महिन्याला माणशी आठशे ग्रॅम. आम्ही पाच माणसे, चार किलो. पूर्वी आमच्याकडे १५ किलोचा डबा दोन महिन्यांत संपायचा, हिशेबाने तो पावणेचार महिने जायला हवा. भोगोपभोग परिमाणाच्या गोष्टी आपण ऐकतो, साड्यांची आणि दागिन्यांची संख्या ठरवतो, तेलाचे परिमाण करायचे कोणाला सुचत नाही. आता मी महिन्याच्या एक तारखेला मोजून काढते आणि तेवढ्यात भागवते.

भागते कसे, तर वासाच्या तेलामुळे. बिनवासाच्या तेलात केलेली मेथीची भाजी बोडकी लागते, म्हणून हात सैल सुटतो. तीच भाजी अर्ध्या चमच्यात परतून उतरवताना वरून घाण्याच्या शेंगतेलाचे चार थेंब टाकले तर कोणाला कळतही नाही. कांदा-लसूण नसलेल्या आपल्या स्वयंपाकात फोडणीला जिरे, हिंग आणि तेल एवढेच तर बोलणारे असतात, त्यातला एक मुका का करायचा? म्हणून माझे उत्तर, एकच तेल चांगले असे नाही. रोजच्या भाजीला घाण्याचे शेंग, थंड गोष्टींना करडई, अधूनमधून तीळ, तळणाला राइस ब्रान. खोबरेल कोकणातल्या मैत्रिणींनी हौसेने खावे, पण हृदयाचा त्रास असलेल्यांनी बेताने. संपृक्त शेपट्यांनी वाईट कोलेस्टेरॉल वाढते, ते कितीही शुद्ध घाण्याचे असले तरी.

आणि शनिवार? मी आता वासाचे तेल वापरत असल्याने शनिवारी भाजी वाफवली की त्या दिवशी ताटात काहीतरी नाही हे खरोखर जाणवते. पहिल्या घासालाच जाणवते. बाकीच्या दिवशी तेल होते, हे मला शनिवारी कळते.

एक वाद मात्र आमच्या घरात अजून मिटलेला नाही. तेल सोडलेल्या दिवशी दाण्याचा कूट चालतो का? मी आईंना सांगितले, दाण्यात जवळपास निम्मे तेलच असते, दोन चमचे कूट म्हणजे चमचाभर तेल पोटात गेले. आईंचे म्हणणे, घाण्यातून पिळून निघाले तर तेल, दाण्यात आहे तोवर दाणा. जाऊबाई फोनवर त्यांच्या बाजूने बोलतात, पुतणी माझ्या. परवा शनिवारी काकडीच्या कोशिंबिरीत आईंनी माझ्या देखत मूठभर कूट घातला आणि माझ्याकडे बघून हसल्या. तुमच्याकडे काय पाळतात, ते जरूर कळवा.